विनाकारण मागू नये

धायरीतल्या आमच्या शाळेत आरोग्याचा तास शनिवारी शेवटचा. वेळापत्रकात त्याला भारदस्त नाव आहे, पण गणिताच्या सरांचा भाग मागे राहिला की तो त्यांचा, स्नेहसंमेलन जवळ आलं की नाचाचा, आणि कुणालाच नको असला की माझा. नववीच्या मुलींना मी शिकवते : पाणी किती प्यावं, पाळीत काय काळजी घ्यावी, राग कसा आवरावा. शेवटचं मला स्वतःला जमत नाही, पण अभ्यासक्रमात आहे म्हणून शिकवते.

मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. जुन्याच्या दाराला कडी नव्हती, मैत्रिणीने बाहेरून दार ओढून धरायचं असा रिवाज होता. ते पाडलं. नव्याला पांढऱ्या फरशा, नळाला पाणी, वर आरसासुद्धा. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले, पाहुण्यांनी आत डोकावून 'वा!' म्हटलं. आणि थोड्याच दिवसांत त्याला कुलूप लागलं. मुली घाण करतात, उद्या तपासणीला माणसं आली तर त्यांना दाखवायचं काय? दारावर पाटी आली : 'स्वच्छतागृह स्वच्छ ठेवावे. चावी कार्यालयात मागावी. विनाकारण मागू नये.' मुलांचं मात्र उघडंच राहिलं. तिथे दाखवण्यासारखं काही नव्हतं.

पाटी लिहिणाऱ्याला कारण म्हणून नेमकं काय अपेक्षित होतं, कोण जाणे. कार्यालय म्हणजे एक खिडकी. आत क्लार्क, बाहेर फी भरायला आलेले पालक आणि दाखल्यासाठी ताटकळलेली दहावीची मुलं. त्या सगळ्यांच्या देखत मुलीने चावी मागायची. क्लार्क तसा माणूस वाईट नाही. 'आत्ताच नेली होती ना गं?' एवढंच तो विचारायचा. पण त्याचा आवाजच असा, की ग्राउंडवर ऐकू जावा.

मुलींनी यावर आपला उपाय शोधला. सकाळी घरून पाणी न पिता निघायचं, डब्याबरोबर एखादा घोट घ्यायचा, आणि आईने भरून दिलेली बाटली वाटेत झाडाला ओतून टाकायची. एकमेकींना त्या हे ज्या सहजतेने शिकवत होत्या, ती मला माझ्या तासाला कधी साधली नाही. मला मात्र याचा पत्ताच नव्हता. मला कळलं ते एका मुलीमुळे.

ती यवतमाळकडची. वडिलांना इथल्या कारखान्यात काम मिळालं म्हणून कुटुंब पुण्याला आलेलं, आई घरोघरी पोळ्या करायची. पोरगी पहिल्या बाकावर बसायची आणि मी प्रश्न पुरा करायच्या आत हात वर करायची. तिला नर्स व्हायचं होतं. एका शनिवारी ती बाकावर डोकं ठेवून पडली होती. अंगात ताप, कंबर दुखतेय म्हणाली. मला वाटलं, पाळी असेल. मी जवळ वाकले तेव्हा ती पुटपुटली, 'मॅडम, लघवीला आग होते. खूप दिवस झाले.'

तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. डॉक्टरबाईंनी तिच्या आईला आणि मला समोर बसवून सांगितलं, भरपूर पाणी प्यायचं आणि अजिबात अडवून धरायचं नाही. पुन्हा पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडाला कायमची इजा होईल. आई मान हलवत राहिली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, 'मॅडम, पानी तं पेईल थे. पन शाळेत जाईल कुठं?'

सोमवारी मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले.

'मॅडम, ते कुलूप काढा.'

'काढते की. साफ कोण करणार, आपण? सफाईची बाई अर्धाच दिवस असते.'

'मग निदान त्या मुलीला शिक्षकांचं वापरू द्या.'

'अहो, एकीला दिलं की सगळ्या मागतील.'

'मागणारच. सगळ्यांनाच लागते.'

त्या हसल्या नाहीत. मीही हसवायला गेले नव्हते. पण माझा आवाज चढलेला बघून त्यांनी मधला मार्ग काढला. मुलीला एक कार्ड द्यायचं. वर 'आरोग्य सवलत', खाली सही-शिक्का. खिडकीत ते दाखवायचं की चावी मिळेल, कुणी काही विचारणार नाही. कार्ड लॅमिनेट करून, फितीत ओवून तिच्या गळ्यात घातलं. तुझी सोय झाली हो, असं त्या तिला प्रेमाने म्हणाल्या. त्यांना तसं खरंच वाटत होतं, हेच तर दुर्दैव.

दोनेक दिवसांत सगळी शाळा तिला 'कार्ड' म्हणायला लागली. 'ए कार्ड, जाऊन आलीस का?' मुलं जिन्यात विचारायची आणि तिच्याच वर्गातल्या मुली खुदूखुदू हसायच्या. तिने कार्ड दप्तराच्या तळाशी घातलं. मग मधल्या सुट्टीत मी तिला हाताला धरून शिक्षकांच्या स्वच्छतागृहात नेऊ लागले. तर तिथेही पाटी लागली : 'फक्त शिक्षकांसाठी.' पाट्या लावण्यात आमची शाळा कधी कुणाला हार गेलेली नाही. मी ती पाटी फाडली, तर नवी लागली. आणि मुलगीच म्हणाली, 'नको मॅडम, सगळे बघतात. मी घरी गेल्यावर पिते ना खूप.'

त्या दिवशी मला फार हताश वाटलं. पाणी पी म्हणून मी तिच्या मागे लागत होते आणि पाणी पिऊन जायचं कुठे, हे मला सांगता येत नव्हतं. वर्गात फळ्यावर 'भरपूर पाणी प्यावे' लिहिताना स्वतःचीच लाज वाटायची. समोरच्या सगळ्या मुली ते वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होत्या.

हिवाळ्यात तपासणीची माणसं येऊन गेली. स्वच्छतागृह बघून खूश झाली, शाळेचं कौतुक झालं. वापरलेलंच नव्हतं, घाण होणार कुठून? त्यानंतर काही दिवसांनीच तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. तिथून ती घरी गेली, पण शाळेत आली नाही. वडिलांनी नाव काढायचं ठरवलं होतं.

मी तिच्या घरी गेले. एकच खोली, बाहेर सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक संडास, पण दार लागणारा. मी मनाशी वाक्यं जुळवून गेले होते. दहावीला एकच वर्ष राहिलंय, मी पुन्हा भांडते, वरपर्यंत तक्रार करते, तिला पाठवा.

'बसा ना मॅडम,' तिची आई म्हणाली. 'आता बरी हाये पोरगी. दिवसभर पानी पेते, ताप नाही का काही नाही. मायासंग पोळ्या कराले येते. तिचे बाबा म्हनते, शिक्षनापायी जीव द्याचा काय?'

मुलगी खरंच बरी दिसत होती. गाल भरले होते, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. तिने मला पाणी आणून दिलं आणि समोर बसून स्वतःही तांब्याभर प्यायली, शाळेत मी तिला कधी पिताना पाहिलं नव्हतं तसं, घटाघटा. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, 'मॅडम, मी परत आले तर परत तसंच होईल ना?'

मी 'नाही' म्हणावं असं तिला वाटत होतं. तिच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं. आईसुद्धा कणीक मळायची थांबून माझ्याकडे बघत होती. मी तो एक शब्द बोलले असते तर सोमवारी ती वर्गात आली असती.

'हो,' मी म्हटलं. 'होईल.'