रॉकेटची किल्ली

आमच्या प्रौढ वर्गाची खोली दुरुस्तीला काढल्यामुळे बाई आम्हांला काही महिने आपल्या घरी शिकवीत असत. तेथेच त्यांच्या यजमानांशी माझी ओळख झाली. आम्ही अक्षरे गिरवीत असू आणि मागच्या खोलीतून कानशीचा आवाज येत असे.

यजमान कारखान्यात लेथवर काम करीत आणि फावल्या वेळात पुरुषभर उंचीचे रॉकेट बनवीत. त्याचे पॅराशूट बाईंनी शिवले होते.

"माझ्या ब्लाउजला कधी इतकं चांगलं कापड आणलं नाहीत."

"तुला कुठं आभाळातून खाली यायचंय?"

बाई हसत, परंतु पॅराशूट उघडले नाही, तर ते धूड पहारेसारखे कोणाच्या डोक्यात शिरेल, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

उड्डाणाच्या दिवशी रॉकेट मोकळ्या माळावर उभे राहिले. पेटवणीच्या तारा जोडून झाल्या. दूरवर, यजमानांच्या मित्रापाशी, बटणाची पेटी होती. पेटीत किल्ली असेल तरच बटण चाले. म्हणून रॉकेटजवळ जाणाऱ्याने किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी, असा त्यांचा नियम होता.

पेटीशेजारी यजमानांबरोबर उभ्या असलेल्या बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. रॉकेटच्या अंगावर एक बारीक भोक होते. त्यातून येणाऱ्या हवेच्या दाबावरून आतल्या यंत्राला उंची कळे आणि ते पॅराशूट बाहेर टाकी. रंग आत जाऊ नये म्हणून बाईंनीच त्यावर चिकटपट्टी लावली होती. ती तशीच होती.

"अहो, भोकावरची पट्टी राहिली."

यजमान तसेच रॉकेटकडे धावत सुटले. तारा जोडून आल्यावर घातलेली किल्ली पेटीतच राहिली. मित्र पाठ फिरवून बघ्यांना मागे सारीत होता. त्याचे कोपर बटणाला लागण्याच्या बेतात होते.

"भाऊजी, हात काढा."

"काय झालं, वहिनी?"

"आधी हात काढा."

बाईंनी किल्ली उपसून मुठीत घेतली. तिकडे यजमान रॉकेटला छाती लावून नखाने पट्टी खरवडीत होते.

परतताना त्यांनी सवयीने खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. मग ते जागीच थांबले. बाईंनी मूठ उघडून दाखवली. किल्लीचे दाते तळहातावर उमटले होते.

रॉकेट उडाले, पॅराशूटही उघडले. बाईंनी मात्र वर पाहिले नाही.

घरी परतताना यजमान म्हणाले, "यापुढं मी रॉकेटजवळ जाईन, तेव्हा किल्ली तू धर."