श्वासाची राखण

स्पिरिटचा आणि ओलसर भिंतींचा वास एकत्र आला की अजूनही मला सावंतवाडीच्या त्या लहानशा रुग्णालयातली दुपार आठवते. दोन हजार पाच सालचा भाद्रपद सरत आला होता. गणपती पाण्यात गेले होते, पाऊस थकल्यासारखा अधूनमधून येऊन जाई, आणि मधल्या उघडिपीत तळ्याकडून येणारे किंचित हिरवट ऊन अतिदक्षता विभागाच्या काचेतून उतरून थेट तिसऱ्या खाटेवर पसरे. त्या खाटेवर सुलोचना निजलेली असे. तिला त्या उन्हाची जाणीव होती की नव्हती, ते आम्हां परिचारिकांपैकी कुणालाच सांगता आले नसते.

सुलोचना आचऱ्याची. नवरा रघुनाथ होडीवर जाई आणि ती पाटी डोक्यावर घेऊन दारोदार मासे विकी. शिवाय खाडीकाठी थोडीशी भातशेती होती. श्रावणातल्या साचलेल्या पाण्यात उभी राहून ती तण काढत होती, पायाला कुठेतरी खरचटलेले होते, आणि तेवढ्या वाटेने उंदरांमुळे पाण्यातून पसरणारा लेप्टोचा ताप अंगात शिरला. चौथ्या दिवशी खोकल्यातून रक्त आले. आमच्याकडे आणली तेव्हा ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. डॉक्टरांनी तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली, ती यंत्राला जोडली, आणि त्या घटकेपासून तिचा श्वास तिचा राहिला नाही. त्याची राखण आमच्याकडे आली.

ही राखण म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणे कठीण आहे. यंत्र किती हवा आत ढकलते, त्यातली किती परत येते, ढकलताना किती दाब लागतो, हे सारे दर तासाला तक्त्यावर उतरवायचे. बोटाला लावलेला चिमटा रक्तातला प्राणवायू सांगे, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक स्वर उमटे. प्राणवायू उतरू लागला की तो स्वरही खाली उतरे. पाठमोरी उभी राहून औषध भरतानासुद्धा माझा एक कान त्या स्वराला बांधलेला असे. पण डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी शिकवून ठेवले होते, की सिस्टर, या चिमट्यावर विसंबू नका, तो उशिरा बोलतो. छाती आणि दाब आधी बोलतात. पडद्यावर दिसणारा आकडा हा घेऊन झालेल्या श्वासाचा असतो. नव्याण्णव वाचून आपण निश्चिंत व्हावे, तेवढ्या अवधीत आत काहीतरी बिघडून गेलेले असते.

बारा दिवस गेले. फुप्फुसे हळूहळू मोकळी होत होती, पण ती स्वतः श्वास पेलण्याइतकी सावरली नव्हती, आणि तोंडातली नळी त्याहून अधिक दिवस ठेवणे बरे नव्हते. गळ्यापाशी लहानसे छिद्र करून तिथून नळी घालायची, असे डॉक्टरांनी ठरवले. संमतीचा कागद घेऊन मी बाहेरच्या बाकाशी गेले. रघुनाथ तिथेच बसून असे. बारा दिवसांत तो होडीवर गेला नव्हता, आणि दाढीचे पांढरे खुंट गालभर वाढले होते. त्याने कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत माझ्या हातात दिला.

“गळो कापल्यावर ती बोलतली कशी गो बाय?”

नळी आहे तोवर बोलता येणार नाही, हे मी सांगितले. तो समोरच्या ओल्या अंगणाकडे वळला. मग म्हणाला, “दिसाक धा वेळा माझ्यावर वराडता ती. जाळा नीट ठेवक नाय म्हणान वराडता, जेवाक उशीर केलंय म्हणान वराडता. आता बारा दिस कोण वराडूक नाय. घर खाऊक येता. तिचो आवाज परत येतलो मां?”

त्या वेळी मी म्हणायला हवे होते, की बहुधा येईल. डॉक्टरांना विचारून सांगते. पण मी म्हणाले, “येतलो, काका. सही करा.”

इतक्या खात्रीने मी का बोलले, याचा विचार मी पुढे कितीदा तरी केला. माझी आई मी सात वर्षांची असताना दम्याने गेली. इन्सुलीच्या आमच्या घरी तेव्हा ना प्राणवायूची नळकांडी, ना वेळेवर गाडी. तिच्या ओंजळीतला अबोलीच्या फुलांचा ओलावा मला आठवतो, तिच्या लुगड्याचा सुताचा वास आठवतो, तिची सावली जमिनीवर कशी पडे तेही आठवते. आवाज मात्र नाही. कितीही डोळे मिटून बसले तरी तिचे ओठ हलताना दिसतात, आणि ऐकू काही येत नाही. रघुनाथने विचारलेला प्रश्न कदाचित मीच कुणाला तरी विचारायचा राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोव्याहून शल्यचिकित्सक आले. आमचे डॉक्टर उशाशी उभे राहिले, शल्यचिकित्सक गळ्याशी, आणि मी यंत्राशी. माझे काम एकच होते, श्वासावरची नजर हलू न देता तो मोठ्याने सांगत राहणे. प्राणवायू पूर्ण वाढवून घेतला. गळ्यावर छेद घेतला. उशाशी उभ्या डॉक्टरांनी तोंडातली नळी बोटभर वर ओढली, नव्या वाटेने दुसरी नळी आत गेली, आणि मी यंत्र तिला जोडले. छाती उचलली गेली. स्वर उंच, स्थिर होता. शल्यचिकित्सक टाके घ्यायला वळले, आणि माझ्या डोळ्यांदेखत दाबाचा आकडा चढू लागला. तीस, अडतीस, पंचेचाळीस.

“दाब चढतोय,” मी म्हणाले. “परत येणारी हवा निम्मी झाली.”

“सॅच्युरेशन?” शल्यचिकित्सकांनी विचारले.

“शहाण्णव. पण छाती हलत नाही, सर.”

शहाण्णव हा चांगला आकडा. त्यावर हायसे वाटून घ्यावे असा. पण आमच्या डॉक्टरांनी वाकून छातीकडे पाहिले आणि म्हणाले, “सक्शन करा. आत्ता.” मी बारीक नळी आत सोडली. काहीतरी अडले, सुटले, पुन्हा अडले. तेवढ्यात तो स्वर उतरू लागला होता, जिन्यावरून कुणी एकेक पायरी खाली जात असावे तसा; नव्वद, ब्याऐंशी, चौऱ्याहत्तर. तिची नखे माझ्यासमोर निळी होत गेली. मी त्या बाकावरच्या माणसाला काय सांगून बसले आहे, एवढेच माझ्या मनात होते. तिसऱ्या वेळी नळीतून काळपट रक्ताची गाठ वर आली, करवंदाएवढी, आणि तिच्यामागून हवा. छाती उचलली गेली. स्वर लगेच चढला नाही. तो नेहमीप्रमाणे उशिरा आला, पण आला.

त्यानंतरचे दिवस संथ होते. यंत्र आधी तासभर बंद ठेवले, मग अर्धा दिवस, मग पुरते काढले. सुलोचना डोळ्यांनी बोलू लागली, हाताने पाणी मागू लागली. एका सकाळी, श्वास वर घशाकडे वळून आवाज फुटतो का ते पाहायला, डॉक्टरांनी गळ्यातल्या नळीच्या तोंडावर बोट धरले आणि तिला नाव सांगायला सांगितले. तिने ओठ हलवले. नुसती हवा सुसाटली. दाराशी उभ्या रघुनाथने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत रागही नव्हता. दुसऱ्या दिवशीही तसेच, तिसऱ्या दिवशीही. त्या तीन दिवसांत मी त्याच्यासमोरून जायचे टाळले, मागच्या जिन्याने ये-जा केली.

चौथ्या दिवशी मी तिची वेणी घालत होते आणि तो पायथ्याशी उभा होता. तिने स्वतःच हात वर नेला, नळीवर बोट ठेवले, आणि घोगरा, जाड, पुरुषी म्हणावा असा आवाज त्या खोलीत उमटला.

“दाडी कित्याक वाडवल्यात? मी मेलंय काय?”

रघुनाथ हसला नाही, रडलाही नाही. तो तडक बाहेर गेला आणि अर्ध्या तासाने गुळगुळीत दाढी करून परत आला. घाईत हनुवटीवर कापून घेतले होते. ती आणखी काही बोलली, तो मान हलवत राहिला.

पुढे नळी निघाली, छिद्र बुजले. घरी जातानाही तिचा आवाज तसाच घोगरा होता, आणि तो पहिल्यासारखा होईल याची हमी आता मी देणार नव्हते. मी रघुनाथला तसे स्पष्ट सांगितले, माझे चुकले असेही सांगितले. त्याने औषधांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“आवाज तिचो न्हय गो बाय,” तो म्हणाला. “पण बोलता ती तीच.”

त्या संध्याकाळी मी एसटीने इन्सुलीला परतले. पाऊस नव्हता. भाताला लोंब्या येऊ लागल्या होत्या आणि शेतांवरून त्यांचा दुधट वास येत होता. बाबा पडवीत सुपारी कातरत बसले होते. आई गेल्यापासून वीस वर्षांत आम्ही दोघांनी तिच्याविषयी बोलणे जणू ठरवून टाळले होते. त्यांना दुखेल म्हणून मी, मला दुखेल म्हणून ते. मी पायरीवर बसले आणि विचारले, की आई तुम्हांला काय म्हणायची? आवाज कसा होता ते नव्हे, बोलायची काय?

अडकित्ता थांबला. 

“तुझी आवस माका कधी नावान हाक मारी नाय,” ते म्हणाले. “‘आयकलात?’ इतक्याच म्हणी. माका आयकाक येई, पण मी गप रवंय. तिना परत एकदा म्हणूचा म्हणान.”

मग अगदी हलक्या, त्यांच्या नेहमीच्या नव्हे अशा स्वरात त्यांनी तो एक शब्द पुन्हा उच्चारला.

मी ऐकला होता. तरी काही न बोलता मी तशीच बसून राहिले.