शुक्रवारी दुपारची नोटीस

आधीच कबूल करते... गूढ अनुभवांच्या या ग्रुपवर मी वर्षभर नुसती वाचत आले, आणि बहुतेक वेळा गालातल्या गालात हसत. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. कोणी अजब काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती वेळा झालं आणि कोणी मोजलं? माझी आई म्हणते, तुझ्याशी गप्पा म्हणजे तोंडी परीक्षा. असल्या बाईवर इथे लिहायची वेळ यावी, यातच काय ते समजून घ्या.

खरं तर अनुभव आला तो माझ्या एका विद्यार्थिनीला. माझ्या वाट्याला आली ती लाज. पण ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येत नाही, म्हणून सगळंच लिहिते. नावं बदलली आहेत.

अमरावतीतलं आमचं कॉलेज जुनं आहे. खाली ऑफिस, वर विज्ञानाचे विभाग, आणि वरच्याच मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला वाचनकक्ष. चार लांब टेबलं, एकच दार. चार वर्षांची ऑनर्स पदवी सुरू झाली तेव्हा ऑनर्सच्या पोरांसाठी वेगळं मार्गदर्शन केंद्र काढलं आणि त्याची समन्वयक म्हणून मला बसवलं. म्हणजे कुठे उन्हाळी संशोधन शिबिर आहे, कुठे विद्यार्थ्यांची परिषद आहे, कुठे इंटर्नशिप आहे, हे शोधायचं, पोरांपर्यंत पोचवायचं, त्यांचे अर्ज पाठवायचे. कामाची मला मनापासून आवड. माझ्या वेळी असलं काही असतं तर मी कुठल्या कुठे गेले असते, असं मला नेहमी वाटतं.

पहिल्याच वर्षी मी एक सुधारणा केली. आमच्याकडे नोटीस फिरवायची पद्धत होती. देविदासकाका, आमचे जुने शिपाई, हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर काखेत मारून वर्गावर्गात जायचे. दारात उभं राहून घसा खाकरायचे, "ऐका" म्हणायचे आणि नोटीस स्वतः वाचायचे. शिक्षकाने वाचावी असा नियम, पण वाचून होईपर्यंत काका रजिस्टर कोणाच्या हातात द्यायचेच नाहीत. शेवटी स्वतःचं एक वाक्य ठेवून द्यायचे, "दिरंगाई झाल्यास विद्यार्थी सोता जबाबदार राहीन." ते कोणत्याच नोटिशीत लिहिलेलं नसायचं. पोरं त्यांच्याबरोबर सुरात म्हणायची. मला मात्र त्यात तासाची दहा मिनिटं गेलेली दिसायची. मी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, रजिस्टर बंद केलं आणि माझ्या कपाटात टाकलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वा वा केली.

रजिस्टर काकांनी स्वतःच आणून दिलं. पण नंतर दोनदा येऊन गेले. एकदा म्हणाले, "मॅडम, फोनवर एखाद्याचा निरोप राहून जाते. म्या फिरवतो ना, मले काय तरास हाय?"

मी म्हटलं, "काका, आता तुम्ही जरा आराम करा." किती गोड बोलले होते मी, आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आता पल्लवी. हिवरखेडची मुलगी, प्राणिशास्त्र ऑनर्स. वडील हिवरखेड ते अकोट जीप चालवतात, आई गावात आशा सेविका आहे. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांजवळ. होस्टेलवर हिच्याकडे बटणांचा साधा फोन. तिने मला पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं होतं. मी म्हटलं, मैत्रिणीच्या फोनवर बघत जा. बघायची बिचारी. पण मैत्रीण आठवडाभर गावाला गेली आणि त्याच आठवड्यात अकोल्याच्या विद्यार्थी संशोधन परिषदेची नावं मागवली होती. कापसाच्या बोंडअळीवर हिने वर्षभर काम केलेलं, स्वतःच्या मामाच्या शेतातून बोंडं आणून, फोडून, अळ्या मोजून. परिषद झाली, इतर पोरं प्रमाणपत्रं घेऊन आली, तेव्हा हिला कळलं. माझ्याकडे आली, रडली नाही. "मॅडम, अजून असं काही असलं त मले सांगजा," एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं, आणि डायरीत लिहूनसुद्धा ठेवलं.

त्यानंतर बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेचं उन्हाळी शिबिर आलं. दोन महिने, राहणं-जेवण त्यांचं, कॉलेजातून एकच नाव. मी पल्लवीचं पाठवलं. तिची निवड झाली. आता फक्त संमतीपत्र, गुणपत्रिका आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र पाठवायचं होतं. मुदत पुढच्या बुधवारपर्यंत. मी तिला म्हटलं, सोमवारी निवांत करू.

शुक्रवारी दुपारी, तीनला दहा-पंधरा मिनिटं असतील, पल्लवी धापा टाकत माझ्या केबिनमध्ये आली. हातात सगळे कागद, पत्रसुद्धा टाईप करून आणलेलं.

"मॅडम, प्राचार्य सरांची सही बाकी हाय. ते निघून जातीन. पाचच्या आत पाठवा लागते ना."

मी म्हटलं, "अगं, बुधवार आहे. घाई कशाला?"

"नाई मॅडम. तुमीच त नोटीस पाठवली. मुदत अलीकडं आणली, आज पाच वाजेपर्यंत. सगळे कागद एकाच फाईलमंदी. आन गुणपत्रिका मूळ पाह्यजे, झेरॉक्स नाई चालत म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"देविदासकाका आले व्हते ना वाचनकक्षात. एक वाजता."

मला वाटलं कुठल्या तरी दुसऱ्याच नोटिशीचा घोळ झालाय. जरा वैतागूनच मी मेल उघडला. बंगळुरूचा मेल सकाळी अकरा वाजता येऊन पडलेला होता, न वाचलेला. मुदत बदलली आहे, आज सायंकाळी पाच. सर्व कागदपत्रे एकाच फाईलमध्ये. गुणपत्रिका मूळ प्रतीवरून स्कॅन केलेली. न आल्यास प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्याला संधी देण्यात येईल.

सकाळपासून मी परीक्षेच्या बैठकीत होते आणि मेल बघितलाच नव्हता. बघणारही नव्हते, दुपारनंतर मला नणंदेकडे वरूडला जायचं होतं. विचार करायला वेळ नव्हता. आम्ही दोघी धावत खाली गेलो. प्राचार्य गाडीत बसत होते, बॉनेटवर कागद ठेवून सही घेतली. स्कॅनर एकदा अडकला. पाचला वीस मिनिटं असताना फाईल गेली. पल्लवीने स्टुलावर बसून बाटलीभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

त्या गडबडीत, काकांना हे कळलं कसं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी धरून चालले की संस्थेने ऑफिसच्या मेलवरही पाठवलं असेल आणि बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, काकांना वर पाठवलं असेल. काका सोमवारपासून रजेवर अकोल्याला मुलीकडे गेले होते एवढं माहीत होतं, वाटलं आले असतील परत.

शनिवारी मी ऑफिसात गेले. म्हटलं काकांचे आभार मानावेत, आणि खरं सांगायचं तर माफीही मागावी. बडेबाबूंना विचारलं, "काका कुठे आहेत?"

बडेबाबू माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, तुमाले मालूम नाई? गुरुवारी संध्याकाळी त्यायले लकवा मारला. अकोल्यातच. आयसीयूत हायेत, अजून शुद्ध नाई."

"आणि काल तुम्ही वर नोटीस कोणाबरोबर पाठवली?"

"कोणती नोटीस?"

ऑफिसला मेल आलाच नव्हता. मी सोमवारी बंगळुरूला फोन लावला. तिथल्या बाईंनी तपासून सांगितलं, मेल फक्त समन्वयकांना गेला, विद्यार्थ्यांना नाही. म्हणजे फक्त मला.

मग माझ्यातली संख्याशास्त्राची मास्तरीण जागी झाली. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं शुक्रवारचं सगळं चित्रण पाहिलं, काका कुठेच नाहीत. वरच्या व्हरांड्यात कॅमेरा नाही. माझा मेल दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडा आहे का, तेही तपासलं. नव्हता. शुक्रवारी एक वाजता वाचनकक्षात पल्लवी धरून तीन मुली होत्या. एकीच्या कानात हेडफोन होता, तिने कोणाला पाहिलं नाही. दुसरी दाराकडे पाठ करून बसली होती. ती म्हणाली, "कोनीतरी नोटीस वाचली खरी मॅडम. म्या मान वर नाई केली. दिरंगाई झाल्यास ते ऐकू आलं, मले वाटलं आपल्या कामाचं नसन." पल्लवीला काकांच्या लकव्याचं अजून कोणी सांगितलं नव्हतं. तिला विचारलं, काका कसे दिसत होते? म्हणाली, नेहमीसारखेच, थोडे थकलेले. वाचून झाल्यावर तिच्याकडे बघून थांबले होते, ती "हो काका" म्हणेपर्यंत.

कपाट उघडून ते रजिस्टरही पाहिलं. त्यात शुक्रवारची नोंद असती तर तुम्हाला वाचायला मजा आली असती, पण काही नव्हतं. मी बंद केलं त्या दिवसाचीच शेवटची नोंद होती.

पल्लवी बंगळुरूला गेली. दोन महिन्यांनी परत आली ती वेगळीच मुलगी होऊन. पुढच्या वर्षी तिथेच प्रबंधाचं काम करायला बोलावलंय. कॉलेजात ऑनर्सच्या पोरांचा कार्यक्रम झाला, त्यात तिने तिचं काम मांडलं आणि शेवटी माइकवर म्हणाली, "मॅडमनं माझ्याकडं मोठा फोन नाई हे आठवून खास माझ्यासाठी नोटीस पाठवली. नाईतर मी गेलीच नसती." सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसले. लोकांना तो विनय वाटला.

त्या टाळ्या मला झोपू देईनात. आठ दिवसांनी मी तिला म्हटलं, चल, काकांना भेटून येऊ. काका वाचले होते, मुलीच्या घरी होते, पण वाचा गेलेली आणि उजवा हात निकामी. बडनेऱ्याहून आम्ही सकाळची गाडी पकडली. गाडी सुटल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं. मी नोटीस पाठवली नव्हती. मी मेल वाचलाच नव्हता. तुझी संधी माझ्यामुळे जाणारच होती. आणि काका त्या वेळी अकोल्यात बेशुद्ध होते.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मूर्तिजापूर आलं, गेलं. मला वाटलं ही आता माझ्याशी कधीच बोलणार नाही, आणि बोलू नये असंही वाटलं. मग तिने खिडकीतून तोंड आत घेतलं.

"तुमी नाई पाठवलं... मंग त्यायले कोणं पाठवलं, मॅडम?"

अकोला आलं, मी बॅग खाली काढली.

काका खाटेवर उशीला टेकून बसले होते. निम्मे झालेले. पल्लवीने पाया पडून मोठ्याने सांगितलं, "काका, मी जाऊन आली. दोन महिने राह्यली." काकांच्या डोळ्यातून पाणी आलं. मग ते डाव्या हाताने हवेत काहीतरी गिरवायला लागले. त्यांच्या मुलीला कळेना, पाणी आणू का म्हणाली. मला कळलं. नोटीस वाचून झाली की काका ज्याची नोटीस त्याची सही घेत, मग शिक्षकाची, आणि खाली तारीख. सही झाल्याशिवाय दारातून हलत नसत.

पल्लवीने बॅगेतून वही काढली, कोऱ्या पानावर सही केली आणि त्यांच्यापुढे धरली. काकांनी ती डाव्या हाताने माझ्याकडे ढकलली. मी तिच्या खाली सही केली आणि त्या दिवसाची तारीख टाकली.

काकांनी तारखेवर बोट ठेवलं आणि मान हलवली, नाही.

लकव्यानंतर त्यांची मान तशीही हलते, असं त्यांच्या मुलीने नंतर सांगितलं. असेल. वयामुळे, आजारामुळे काहीही असू शकतं, हे मीच तुम्हाला एरवी ऐकवलं असतं. पण बोट तारखेवरून हलत नव्हतं. मी तारीख खोडली आणि त्या शुक्रवारची लिहिली. तेव्हा काकांनी वही मिटली, उशीवर डोकं टेकवलं आणि त्यांचा डोळा लागला.

याचं स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. आता जे येतं ते सगळं वाचते, आल्याआल्या.