मानसिंगआबांचे पेढे

एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर मानसिंगआबा वेल्ह्याच्या स्टँडवर चहाला आले, की निम्म्या बाजाराला खबर लागायची, असा त्यांचा आवाज. त्यांची लेक स्नेहल बंगळुरात पदार्थविज्ञानात संशोधन करते. काय करते, ते आबा झकास सांगत.

"येकलं पाशिंजर कुठं उतरंल, देवालाबी न्हाई कळायचं. पण बाजारच्या दिवशी आख्खी गर्दी कुठं जाईल, ते सांगता येतं. माजी पोरगी कणांच्या गर्दीचं गणित मांडती."

या गणितासाठी दरवर्षी एक मोठा पुरस्कार देतात. तीन वर्षांमागं स्नेहलनं फोनवर सांगितलं, "आबा, यंदा माझं नाव सुचवलंय." आपल्याकडं पक्षाचं तिकीट मिळालं तरी गुलाल उधळतात! आबांनी थेट स्टँडवर फ्लेक्स लावला: 'पुरस्कार मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं, पेढे वाटून झाले. पुरस्कार मिळाला दुसऱ्यालाच.

तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायचं, तर आबा गप्प बसले. तिथंच माती खाल्ली. पुढं "बक्षिसाची ढाल दावा की आबा," असं कुणी म्हटलं, की "पोरीकडं हाय," म्हणत ते वेळ मारून न्यायचे. फ्लेक्स त्यांनी घरी नेऊन कडब्यावर टाकला, अक्षरं आत करून. लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. चहासुद्धा आता ते उभ्याउभ्या पिऊन सटकायचे.

परवा असाच चहा घेताना फोन वाजला.

"आबा, मिळाला! यंदा मला मिळाला!" स्नेहल हसत होती की रडत होती, कळेना. "सगळ्यांना पेढे वाटा. लोक काय म्हणतात, ते मला सांगा."

आबांना स्टँड दणाणेल असं ओरडायचं होतं. पण ओरडणार काय? मिळालेला पुरस्कार पुन्हा मिळाला? आणि खरं सांगावं, तर या खऱ्या पुरस्कारालाही लोक थापच म्हणणार. चूक बापाची, डाग लेकीला.

पेढे मात्र त्यांनी घेतले. पहिला शेजारी बसलेल्या गेनबाच्या हातावर ठेवला.

"कशाचं वो, आबा?"

"म्हस याली. पारडी झाली."

"आरं वा! डोळ्यात पानी आलं की वो तुमच्या! लई जीव हाय म्हशीवर." गेनबानं पेढा तोंडात टाकला. "खरवस धाडा मंग."

"धाडतो की."

लेकीला जगानं मान दिला, त्या दिवशी वेल्ह्यात कौतुक झालं ते म्हशीचं. आणि ती गाभणसुद्धा नव्हती.