दिराला चिखलात उतरवलं

"हिचं आता उठणं नाय. खाचर या साली मीच लावतो."

माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून दीर माझ्या मुलीला सांगत होता. नाशिकच्या दवाखान्यात मांडीत सळई घालून मला पाडून ठेवलं होतं. डोळे मिटलेले होते म्हणून त्याला वाटलं, झोपले आहे. मी सगळं ऐकलं. मुलगी "बरं काका" म्हणाली, तेही ऐकलं.

द्राक्षाच्या बागेतलं काम उरकून आम्ही बाया जीपने गावाकडे येत होतो. घोटीच्या अलीकडे जीप उलटली. बाकीच्यांना खरचटलं, माझी मांडी मोडली. नवरा आधीच गेलेला. त्याच्या वाट्याचं भाताचं खाचर तेवढं माझं, आणि त्याला लागून दिराचं. वाटणी तोंडीच झालेली. आमच्याकडे एकदा दुसऱ्याने खाचर लावलं की पुढच्या साली ते परत मागायला तोंड राहत नाही. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मी लग्न करून आले तेव्हा हा माझ्या पदराला नाक पुसायचा. मी त्याला कधी 'भावजी' म्हटलं नाही, 'अरे-तुरे'च केलं. आता तो माझं जेवण ठरवायला निघाला होता.

मुलगी सायखेड्याला दिली आहे. ती म्हणाली, "आई, चल माझ्याकडं. कशाला जिवाला तरास?"

"येईन," म्हटलं. "आधी त्याला वाकवते."

ते कसं करायचं हे त्याच खाटेवर ठरलं. आमच्याकडे आवणी, म्हणजे चिखलात भाताची रोपं लावायचं काम, सावडीने होतं. तू माझ्याकडे एक दिवस वाकलीस की मी तुझ्याकडे एक दिवस वाकायचं. ज्याच्या घरचं माणूस येऊन राबून गेलं, त्याचा दिवस फेडायचाच. फेडला नाही तर पुढे त्याच्या खाचरात कुणी पाय ठेवत नाही. आणि आवणीला आपणहून आलेल्या हाताला परत पाठवायचं नसतं. म्हणजे मला पावसाळ्यापर्यंत एवढंच जमायला हवं होतं, दिराच्या खाचरात दिवसभर वाकून उभं राहणं.

दिवसभर वाकायचा विचार केला की तेव्हा घाम फुटायचा. मला कुशीवर वळता येत नव्हतं. म्हणून आधी कुशीवर वळायचं धरलं. ते जमेपर्यंत दुसरं काही मनात आणलं नाही. मग खाटेवरून पाय खाली सोडणं. आवणीतही असंच करतात. आख्ख्या खाचराकडे बघणारी बाई दुपारीच कंबर धरून बसते. हातातली मूठ लावायची, मागे सरकायचं, पुढची मूठ घ्यायची.

घरी आल्यावर उंबऱ्यापर्यंत जायला लागले. मग धुण्याच्या दगडापर्यंत. दुखायचं तेव्हा देवाचं नाव घेत नव्हते, दिराचं घेत होते. त्याने गुण जास्त आला. उकिडवं बसणं सगळ्यात वाईट. मेढीच्या खांबाला धरून खाली जायचे आणि वर येताना दिराच्या सात पिढ्या काढायचे. त्या माझ्या नवऱ्याच्याही पिढ्या, पण इलाज नव्हता.

शेवटी घरामागे मोरीचं पाणी साचतं तिथे माती कालवून चिखल केला. त्यात उभी राहून गवताची चूड चूड लावायची, उपटायची, परत लावायची. एकदा तोंडावर पडले. तशीच पडून राहिले, मग उठून परत लावायला लागले. जावेने कुडावरून बघितलं.

"आक्का, काय चाललंय हे?"

"चिखलाचा लेप. हाड धरतं म्हणे."

"वाकून लावायचा असतो व्हय लेप?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

ती हसली आणि गेली. तिला कळलं होतं. नवऱ्याला ती काही बोलली नाही. तिचंही त्याच्याशी काय काय साचलेलं असणार.

इकडे दिराने रोपं उगवायचा राब भाजला तो दोन खाचरांना पुरेल एवढा. पाऊस लागल्यावर स्वतःचे बैल घालून माझं खाचर नांगरलं, चिखलणी केली. लोक येऊन मला सांगायचे. मी म्हणायचे, करू दे. मनात म्हणायचे, नांगर बाबा, चांगला खोल नांगर.

त्याच्या आवणीच्या दिवशी मी काठी बांधावर रोवली आणि खाचरात उतरले. बाया ओळीने वाकल्या होत्या. त्यांच्या शेवटी जाऊन मीही वाकले.

दीर रोपांची जुडी तशीच हातात घेऊन बघत राहिला. "वैनी, तुमी कशाला? घरी जा. पडाल."

"पडले तर तुझ्याच चिखलात पडेन. आलेला हात परत धाडतोस का? सांग एकदा सगळ्यांसमोर."

बाया थांबल्या. त्याने हातातली जुडी माझ्याकडे टाकली. एक म्हणाली, "म्हातारे, सरक की मागं, माझ्या अंगावर येतीस."

"तुझ्या दादल्याला सांग सरकायला. मी सावकाश येणार."

सगळ्या हसल्या आणि काम सुरू झालं. दुपारनंतर मांडीत कुणी विस्तव ठेवल्यासारखं झालं. भाकर उभ्यानेच खाल्ली, कारण खाली बसले असते तर परत उठले नसते. शेवटची मूठ लागेपर्यंत मी खाचरातच होते.

वर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "परवा माझी आवणी. या गं."

दीर म्हणाला, "कसली आवणी? रोपं कुठं हायेत तुमच्याकडं?"

"तुझ्याकडं हायेत की. दोन खाचरांची टाकलीस. तुझं तर लागलं. आता ती बैलाला घालणार का?"

कुणीतरी फिसकन हसलं. तो जावेकडे वळला. "तू जा परवा."

"मला नाय जमायचं," जाऊ म्हणाली. "वरच्या आळीत शब्द दिलाय मी. तुमीच जा."

तो आला. न येऊन सांगतो कुणाला? त्याच्याच रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन आला आणि त्यानेच केलेल्या चिखलात उतरला. एरवी बांधावर उभं राहून बायांना हाका मारणारा माणूस. मी त्याला ओळीत मधे घातलं, दोन्हीकडून बायांची तोंडं चालू राहतील असं. त्याची रोपं वाकडी लागत होती. मी ती उपटून त्याच्या हातात परत द्यायचे. "नीट लाव. माझं पीक आहे." त्याने वर बघितलं नाही. दिवस संपेपर्यंत मी त्याला सोडलं नाही. मला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्या सणाला वाटलेलं नाही.

सळई अजून मांडीत आहे. थंडीत दुखते. खाचर पुढे तलाठ्याकडे जाऊन माझ्या नावावर करून घेतलं. दिराने त्यानंतर माझ्या घरचं पाणी घेतलं नाही, मीही दिलं नाही. काही वर्षांनी तो काविळीने गेला. मी तेराव्याला जाऊन जेवून आले.

जाऊ आहे. मी आहे.