साडूनं काढून नेलेलं स्टेअरिंग

१९७४ साल. मी तेव्हा चौतीस वर्षांचा, आणि हिंगोलीपासून औंढ्यापर्यंत मला एकाच माणसाचा मनापासून राग यायचा: माझ्या थोरल्या साडूचा. तो राग अजून उतरलेला नाही. तसा आडमुठा माणूस या मुलखात झाला नाही आणि होऊ पण नये. नरसी नामदेवच्या रस्त्याला, लिंबाखाली त्याचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक जॅक आणि त्याचं तोंड. जुन्या ट्रकांची पुढची चाकं आणि स्टेअरिंग, एवढंच तो बघायचा. इंजिनाला हात लावायचा नाही. म्हणायचा, "जी गाडी सुरूच व्हत न्हाई ती कोणाला मारत न्हाई. मी फकस्त मारणाऱ्या गाड्या बघतो."

त्याच्याकडं गेलेल्या माणसानं गाडीची तकलीफ सांगायची नाही, हा पहिला कायदा. तोंड उघडलं की, "तू गप. हात दाखव." मग ड्रायव्हरचे तळवे उलटेपालटे करून बघायचा, खांदे दाबायचा, वैदू असल्यासारखा. गाडी डावीकडं ओढत असली की उजवा खांदा भरून येतो म्हणे. स्टेअरिंग थरथरत असलं की तळव्याला फोड येतात म्हणे. एकदा डोंगरकडा गावचा एक ड्रायव्हर आला. त्याच्या हाताचे फोड बघून ह्यानं पुढची दोन्ही चाकं उतरवली, सगळे सांधे सोडले, दिवस घालवला. काहीच सापडेना. दिवस मावळताना तो गरीब माणूस भीत भीत म्हणाला, "भाऊ, मी घरची विहीर खंदून राहिलो. गाडीचा नुसता हॉर्न वाजंना." तर साडू त्याच्यावरच उसळला, "मंग सकाळी बोलायला काय झालं व्हतं तुला?"

दुसरी खोड जिवावरची. चाकं बराबर चालतात का ते बघायला हा भर रस्त्यात पालथा पडायचा आणि ड्रायव्हरला सांगायचा, आण गाडी माझ्या अंगावर. गाडी जवळ आली की लोळत बाजूला व्हायचा. नामदेवाला चाललेल्या एका म्हातारीला वाटलं, कोणी लोटांगण घालत चाललाय. तिनं ह्याच्या पाया पडून डोक्याशी नारळ ठेवला. हा पडल्यापडल्या ओरडला, "माय, सरक, चाक दिसंना!" नारळ मात्र घरी घेऊन गेला.

आता माझं सांगतो. शाळा मी दुसरीत सोडली, पण आमच्या वस्तीत पहिला ट्रक माझा. जुना, पण माझा. माझा बाप गावातल्या मोठ्यांच्या बैलगाडीमागं जन्मभर अनवाणी चालला. म्हणून धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी चारचौघांत बोललो, आमचं जयभीमवाल्यांचं वऱ्हाड आमच्या ट्रकातून जाईल, कोणाच्या दारात गाडी मागायला जाणार नाही. गाडी डावीकडं ओढत होती, ते मला ठाऊक होतं. साडूनं जॅकवर चढवून चाक वरखाली हलवलं आणि म्हणाला, "चाक ज्या खुंटीवर वळतं ती किंगपिन झिजली." नवी बसवली. ओढणं तसंच. लग्न उद्यावर आलेलं, आणि हा म्हणतो, अजून दोन रोज दे.

"मी दाबून धरून नेतो," मी म्हणालो.

"माणसं किती?"

"ट्रकभर. बायका-लेकरं धरून."

"न्हाई जायाची."

"गाडी माझी हाय, साडूभाऊ!"

"गाडी तुझी. लेकरं कोणाची?"

बायको मधेच म्हणाली, "दाजी म्हणतेत तर ऐका की." मी तिलाही झापलं.

सकाळी ट्रकला आंब्याचे डहाळे बांधले, निळे झेंडे लावले. बायका-लेकरं चढली, वाजंत्री सुरू झाली. मी नवा सदरा घालून ऐटीत केबिनमध्ये बसलो, हात पुढं केले, तर स्टेअरिंग जाग्यावर नाही. नुसता दांडा! पहाटे नट खोलून, स्टेअरिंगचं चाक गळ्यात अडकवून हा बाबा पायीच लग्नाला निघून गेला होता. ज्यांच्या गाडीमागं बाप चालला त्यांच्याच दारात मी बैलगाड्या मागायला गेलो. त्यांनी दिल्या. हसत दिल्या. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मांडवात आम्ही पोचलो तेव्हा पाव्हणे वाट बघून कंटाळलेले, आणि साडू पुढच्या सतरंजीवर मांडीत स्टेअरिंग घेऊन बसलेला. नवरीचा मामा मला विचारतो, "पाव्हणं, आहेरात आलंय का हे?" मी साडूची मानगूट धरायलाच गेलो.

"माझं नाक कापलं तुमी!"

"व्हय, कापलं," तो बसूनच म्हणाला. "लेकरं समदी आली न्हवं? मंग लग्न लागू दे, जेवू दे. मंग मार मला."

मी आजही म्हणतो, ती गाडी मी दाबून धरून बराबर नेली असती. त्याला सांगायची सोय नाही, तो जाऊन बरीच वर्षं झाली. आता चाकं बघायला गाडी मशीनवर चढवतात, तिथलं पोरगं "झालं काका" म्हणतं. कोणी तुम्हाला गप म्हणत नाही, कोणी भांडत नाही. काम चोख होतं, पण अळणी लागतं.

त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं आणि नातं तोडायला म्हणून बाहेर पडलो, तर हा माझ्याच दारात, माझ्याच ट्रकखाली, हातात सुतळी घेऊन पडलेला. "टोक धर," म्हणाला. मागच्या चाकाच्या मधोमध मी टोक धरलं, शिव्या देतच धरलं, आणि त्यानं सुतळी पुढच्या चाकापर्यंत ताणली. उजव्या अंगाला नेमकी पुरलेली सुतळी डाव्या अंगाला चार बोटं उरली. कमानपाट्यांमधला बोल्ट तुटून पुढच्या चाकांचा एक्सल डाव्या बाजूनं मागं सरकला होता, म्हणून गाडी डावीकडं ओढत होती.

"मंग किंगपिन कशाला बदलली?" मी गरजलो.

"ती बी गेली व्हती," तो खालून म्हणाला. "पाना दे."

मी सदरा काढून चाकावर टाकला, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच त्याच्या शेजारी धुळीत आडवा झालो.