ओट्यावर बसणारा ड्रमवाला

फतेगंजला आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये चार कॉलेजची मुलं पंक नावाचं काहीतरी वाजवायची. पुढे पांगली. आता केस पिकल्यावर पुन्हा जमू लागली आहेत, पण मधल्या काळात त्यांच्यातला गाणारा सिनेमात गाऊन प्रसिद्ध झाला.

ड्रम वाजवणारा सरावाआधी माझ्या ओट्यावर बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. बोलतानाही त्याची बोटं मांडीवर वाजत असतात. परवा ती स्वस्थ होती.

"काकी, पहेलां आमचा गाणारा चुकला की आम्ही थांबून शिव्या द्यायचो. आता तो चुकला की आम्ही पण त्याच्यामागे चुकतो."

"मग तोंड शिवलंय का तुझं?"

"तो गेला तर बँड संपेल."

"आत्ता तरी कुठे उरलाय?"

तो उठून आत गेला. गाणं सुरू झालं आणि मध्येच ड्रम थांबला.

"चुकलास, गधेडा!"

मग तो प्रसिद्ध माणूस एकटाच बाहेर आला आणि मला विचारू लागला, "काकी, खरंच चुकलो?"

"मला काय कळतंय? आत तिघं बसलेत, त्यांना विचार."

तो थोडा वेळ गाडीपाशी घुटमळला आणि आत गेला. मग बराच वेळ शिव्या ऐकू आल्या. त्यात त्याचाही आवाज होता.